टीव्हीचे तारे आणि घरचे मीटर



रेडिओपुढे बसून टीव्हीबद्दल बोलायचे म्हणजे एका सवतीने दुसरीचे वर्तन सांगण्यासारखे आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्या घरी टीव्ही आहे, मी तो आवडीने पाहतो, आणि तुम्ही तो घेऊ नका असे सांगायला मी आज आलेलो नाही. मला बोलायचे आहे ते टीव्हीच्या खोक्यावर छापलेल्या एका वाक्याबद्दल. 'विजेची ५० टक्के बचत' हे ते वाक्य. कुठे ४० टक्के असते, कुठे ६०. शेजारी हिरवे पान काढलेले असते. वाक्य वाचून माणसाला वाटते, आपण खर्च करायला नव्हे, पैसे वाचवायलाच दुकानात आलो आहोत.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या शेजारचे आबा दिवेलागणीला ओट्यावर येऊन बसले. हातात तालुक्याच्या एका दुकानातला रंगीत कागद. त्यांच्या घरी २१ इंची जुना टीव्ही, मागे कुबड असलेला. चित्र जरा पिवळट पडलेले, पण चालू. सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आले होते, आणि त्यातूनच हरभऱ्याचे बी आणि खत घ्यायचे होते. आबा म्हणाले, "मास्तर, दुकानदार म्हणतो तुमचा जुना डबा लई वीज खातो. नवा पाच स्टारवाला घ्या, बिल निम्म्यावर येतं. बारा हजार काय, म्हणे बिलातूनच फिटतील. खरं का हो हे?"

'बिलातून फिटतील' हे शब्द माझ्या कानात अडकले. नात हट्ट करते म्हणून टीव्ही घेतला, डोळ्यांना बरे वाटते म्हणून घेतला, तर तो हौसेचा खर्च आहे आणि हौसेला मोल नसते. पण फिटेल म्हणून घेतला आणि फिटला नाही, तर ते पैसे हरभऱ्याच्या बियाण्यातून जातात. मी म्हटले, "आबा, दुकानदाराला खोटं म्हणायचं नाही. पण खरं म्हणायच्या आधी पाटी घेऊ."

आता हा हिशेब तुम्हीही माझ्याबरोबर करा. अवघड काही नाही. बिलावर आपण ज्याला युनिट म्हणतो ते म्हणजे हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की खर्च होणारी वीज. १०० वॅटचा दिवा असेल तर तो दहा तास जळेल तेव्हा एक युनिट होईल. आबांच्या जुन्या टीव्हीच्या पाठीवरच्या पट्टीवर आकडा होता ९० वॅट. कागदावरच्या नव्या ३२ इंची टीव्हीचा आकडा होता ४० वॅट. फरक ५० वॅटचा. म्हणजे निम्म्याहून अधिक बचत, दुकानदार इथपर्यंत खरा होता. पातळ पडद्याचे एलईडी संच जुन्या काचेच्या नळीच्या संचांपेक्षा खरोखरच कमी वीज घेतात. शास्त्राने केलेली ही खरी प्रगती आहे. ती नाकारण्यात शहाणपणा नाही.

आता पुढे चला. आबांच्या घरी टीव्ही दिवसातून पाच तास चालतो. ५० वॅट गुणिले पाच, झाले २५० वॅट-तास. चार दिवसांनी एक युनिट वाचला. महिन्याचे साडेसात. युनिटचा दर हिशेबाला सोपा म्हणून सहा रुपये धरला, तर महिन्याला ४५ रुपये आणि वर्षाला ५४०. बारा हजारांना ५४० ने भाग दिला. उत्तर आले २२ वर्षे आणि वर दोन-तीन महिने.

आबा पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तवर मी राहतो का तो टीव्ही राहतो, मास्तर?"

मग 'बिल निम्म्यावर' याचे काय? आबांचे बिल काढून पाहिले. महिन्याचे युनिट ७५. त्यात जुन्या टीव्हीचा वाटा किती, तर ९० वॅट, पाच तास, तीस दिवस, म्हणजे साडेतेरा युनिट. बाकीची वीज पंखे, दिवे, फ्रीज, पाण्याची मोटर यांची. आता टीव्ही हवेवर चालला असता तरी ७५ चे साडेएकसष्टच झाले असते. शिवाय बिलात 'स्थिर आकार' म्हणून एक ओळ असते. ती टीव्ही बंद ठेवला म्हणून कमी होत नाही. निम्मे झाले ते टीव्हीच्या वाट्याचे, आणि सांगितले गेले ते घराच्या बिलाचे. हातचलाखी होते ती इथे. कोणी खोटा आकडा सांगत नाही. '५० टक्के' म्हणतात आणि 'कशाच्या' हा शब्द गिळतात. गावात एखाद्याने सांगितले की 'माझे पीक दुप्पट झाले', तर आपण लगेच विचारतो, गेल्या वर्षी किती होते? मागच्या साली दुष्काळात दोन पोती झाली असतील तर दुप्पट म्हणजे चार पोती. शेतात जो प्रश्न आपल्याला सहज सुचतो तो दुकानात गेल्यावर का सुचत नाही, याचे मला नवल वाटते. दुकानातल्या थंड हवेचा परिणाम असावा.

एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या बाजूने सांगायला हवी. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर सरसकट एक नसतो, टप्प्याटप्प्याने चढतो. १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच चढा, आणि पुढे आणखी. वाचलेले युनिट नेहमी वरच्या टोकाचे वाचतात. ज्याचे बिल १३० युनिटांचे आहे त्याने साडेसात वाचवले तर ते महागड्या टप्प्यातले वाचले; त्याची बचत आबांपेक्षा जास्त. तेव्हा हिशेब करताना सरासरी दर धरू नका. आपल्या बिलातला शेवटचा युनिट कोणत्या टप्प्यात पडतो ते पाहा, आणि तो दर धरा.

आता ताऱ्यांकडे वळू. आपल्या देशात २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये त्याखाली ऊर्जा दक्षता ब्यूरो ही केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली, आणि २००६ पासून विजेच्या उपकरणांवर तारे लावण्याची योजना सुरू झाली. एक तारा ते पाच तारे. जितके तारे जास्त तितके उपकरण काटकसरी, असे आपण समजतो. ते समजणे चूक नाही, अर्धे आहे.

शाळेतल्या मुलांना मी ते कुस्तीवरून सांगतो. तालमीत पैलवान वजनगटात लढतात. ५७ किलोच्या गटात एकाचा पहिला नंबर येतो, आणि सर्वांत जड गटात दुसऱ्याचा. दोघांनाही बक्षीस, दोघांनाही फेटा. पण म्हणून दोघांचा खुराक सारखा असतो का? टीव्हीचे तसेच आहे. तारे देताना पडद्याचा आकार लक्षात घेतात. मोठ्या पडद्याला जास्त विजेची सूट असते. त्यामुळे ५५ इंची पाच तारेवाला टीव्ही हा ३२ इंची तीन तारेवाल्यापेक्षा चांगलीच जास्त वीज खाऊ शकतो. आणि लोकांचे होते कसे? २१ इंचीवरून ३२ वर येण्याऐवजी ते हप्त्यांवर ५५ वर जातात, 'पाच स्टार आहे ना' म्हणून. मग बिल वाढले की मीटरला नावे ठेवतात. एवढा मोठा संच १०० वॅटच्या वरही सहज जातो. आबांचा तो कुबडा म्हातारा ९० वॅटचा होता, हे विसरू नका.

शिवाय ताऱ्यांच्या कसोट्या काही वर्षांनी कडक करतात. ते योग्यच आहे. यंत्रे सुधारतात तशी परीक्षाही वाढली पाहिजे. पण त्यामुळे जुन्या कसोटीचे पाच तारे आणि नव्या कसोटीचे पाच तारे एक नव्हेत. लेबलावर ते कोणत्या काळासाठी आहे हे छापलेले असते. स्वस्तात काढलेला जुना माल घेताना तेवढे पाहावे. त्याच लेबलावर ताऱ्यांच्या जवळ आणखी एक आकडा असतो, वर्षाला किती युनिट लागतील तो. ताऱ्यांवर आपली नजर आधी जाते, कारण ते ठळक छापलेले असतात. घरखर्चाशी संबंध आहे तो मात्र या आकड्याचा.

पण हा युनिटांचा आकडा तरी येतो कुठून? कोणीतरी गृहीत धरते की माणूस रोज इतके तास टीव्ही पाहतो. युरोपात २०१० च्या नियमानुसार वर्षाचा आकडा काढताना रोजचे चार तास धरले होते. अमेरिकेतल्या लेबलावर पाच तास धरले. तुमच्या घरी सकाळी भजने, दुपारी मालिका, संध्याकाळी बातम्या आणि रात्री सामना असे आठ तास होत असतील, तर तुमचा आकडा निराळा. युरोपात २०२१ च्या मार्चपासून ही पद्धतच बदलली. आता तिथे वर्षाचा आकडा देत नाहीत, हजार तासांना किती युनिट ते देतात. तास किती, ते तुमचे तुम्ही गुणा. मला ही रीत जास्त प्रामाणिक वाटते. श्रेण्याही त्या वेळी नव्याने आखल्या, आणि जुन्या लेबलावर ए आणि ए-प्लस मिरवणारे कित्येक संच एकदम एफ आणि जी या तळाच्या श्रेण्यांत जाऊन बसले. संच तेच, परीक्षा बदलली.

परीक्षेवरून आठवले. माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना ही गोष्ट विशेष आवडेल. पूर्वी शाळेत दिपोटीसाहेब तपासणीला यायचे. ते नेहमी ठराविक धडा वाचायला सांगतात हे कळले, की काही हुशार गुरुजी तो एकच धडा महिनाभर घोटून घ्यायचे. साहेब खूश, शेरा उत्तम, आणि पुढच्या पानावर मुले अडखळतात ती कोणाला दिसायची नाहीत. (मी त्या गुरुजींतला नव्हतो असे शपथेवर सांगणार नाही.) टीव्हीची वीज मोजतानाही असाच एक ठराविक धडा असतो. दहा मिनिटांची एक चित्रफीत आहे, आणि अनेक देशांत तीच लावून किती वीज लागते ते मोजत आले. त्या फितीत दृश्ये फार झपाट्याने बदलतात. २०१६ साली अमेरिकेतल्या नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या पर्यावरणाचे काम करणाऱ्या संस्थेने काही संच तपासून अहवाल काढला. त्यात असे म्हटले होते, की काही संच ही फीत चालू असताना पडद्यामागचा उजेड आपोआप मंद करतात, आणि घरी लोक जे कार्यक्रम खरोखर पाहतात ते चालू असताना ही मंदावणी तेवढी होत नाही. दुसरी गोष्ट त्यांना दिसली ती आणखी महत्त्वाची. पाहणाऱ्याने चित्राची ठेवण बदलली, म्हणजे 'स्टँडर्ड'वरून दुसऱ्या कशावर नेली, की काही संचांतली वीज वाचवण्याची सोय निमूटपणे बंद व्हायची. पडद्यावर तशी सूचनाही येत नसे. कंपन्यांनी आरोप मान्य केला नाही. आमचे संच नियमाप्रमाणेच आहेत, असे त्यांचे म्हणणे.

खरे-खोटे करायला आपण तिकडे जाणार नाही. पण त्या अहवालातली दुसरी गोष्ट आपल्या ओसरीवर तपासून पाहता येते, आणि तिला एक पैसा खर्च नाही. आजच्या भाषणात ऐकून सोडून देण्यासारखे पुष्कळ असेल, पण आता सांगतो ते कागदावर लिहून घ्या. हवे तर थांबतो.

तुमच्या घराच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. तो उगीच लुकलुकत नाही, तो वीज मोजतो. मीटरच्या तोंडावर इंग्रजीत एक आकडा छापलेला असतो आणि त्याच्यापुढे 'इम्प' अशी अक्षरे. पुष्कळ मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. तुमच्याकडे दुसरा असू शकेल, तो पाहून घ्या. ३२०० चा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाला. आता घरातले सगळे बंद करा. पंखे, दिवे, फ्रीज, भिंतीला लावून ठेवलेले मोबाइलचे चार्जर, देवघरातला छोटा दिवासुद्धा. मीटरचा लाल दिवा आता स्वस्थ राहिला पाहिजे. राहिला नाही, तर कुठेतरी काहीतरी चालू आहे, शोधा, सापडेल. मग एकटा टीव्ही लावा. घड्याळ लावून दहा मिनिटे लुकलुकी मोजा. आलेल्या आकड्याला सहाने गुणा म्हणजे तासाचा आकडा झाला, आणि त्याला ३.२ ने भागा. उत्तर येते ते वॅट.

आबांच्या जुन्या संचावर आम्ही हे केले. आबांची नात सातवीत आहे. तिने मोजले, मी घड्याळ धरले. दहा मिनिटांत ४८. सहाने गुणून २८८, ३.२ ने भागून ९०. पाठीवरच्या पट्टीवर होते तेच. म्हातारा प्रामाणिक निघाला.

मग तिला माझ्या घरी घेऊन आलो. माझा संच ४३ इंची आहे. दुकानातून आणला तेव्हा तो 'व्हिव्हिड' नावाच्या ठेवणीवर होता आणि मी तो तसाच ठेवला होता. रंग कसे दिवाळीच्या आकाशकंदिलासारखे दिसायचे. दुकानांत संच बहुधा असेच भडक लावून ठेवतात, कारण तिथे शेजारी दहा संच असतात आणि गिऱ्हाइकाची नजर सर्वांत उजळ पडद्यावर जाते. या ठेवणीवर मोजले, ५४ लुकलुकी. म्हणजे १०१ वॅट. 'स्टँडर्ड'वर आणले, ३६. साडेसदुसष्ट वॅट. वीज वाचवणाऱ्या 'इको' ठेवणीवर २६, म्हणजे ४९ वॅटच्या आत. संच तोच, खोली तीच, बातम्या सांगणारा माणूसही तोच. पडद्याचा उजेड बदलला आणि वीज निम्म्याहून खाली गेली. मला स्वतःची लाज वाटली. लेबलावरचा युनिटांचा आकडा वाचून मी संच घेतला होता, आणि गेले वर्षभर तो आकडा लागू नसलेल्या ठेवणीवर तो चालवत होतो. 'इको'वर चित्र दिवसा जरा अंधुक दिसते हेही खरे. मी आता 'स्टँडर्ड'वर ठेवतो. भारीतल्या नव्या संचांत एचडीआर म्हणून आणखी झळाळीचे चित्र येते. त्याला वीज एवढी वेगळी लागते की युरोपच्या नव्या लेबलावर त्याचा आकडा निराळा छापतात.

आता खरी मौज ऐका. आबांच्या घरी आम्ही परत गेलो, कारण नातीला एक शंका आली होती. टीव्ही रिमोटने बंद केला होता, बाकी सगळे बंद होते, तरी मीटरचा लाल दिवा मधूनच एकदा डोळा मारत होता. तिने शोधून काढले. टीव्हीखाली ठेवलेली सेट टॉप बॉक्सची काळी पेटी. ती रिमोटने बंद केलेली होती, म्हणजे तिच्यावरचा हिरवा ठिपका लाल झालेला होता, एवढेच. अर्धा तास मोजले, १६ लुकलुकी. हिशेब केला, १० वॅट. टीव्ही पाच तास चालतो, पण ही पेटी चोवीस तास जेवते. पाच तास कामाचे सोडले तर राहिले १९. रोजचे १९० वॅट-तास, महिन्याचे पावणेसहा युनिट.

तुम्ही बारकाईने ऐकत असाल तर तुमच्या ध्यानात आले असेल. बारा हजारांचा टीव्ही घेऊन आबांचे महिन्याला साडेसात युनिट वाचणार होते. भिंतीवरचे बटण दाबून पावणेसहा वाचतात. आणि हे पेटीचे खाणे टीव्हीच्या लेबलावर कुठेच येत नाही, कारण पेटी म्हणजे टीव्ही नव्हे. सगळ्याच पेट्या एवढे खातात असे मी म्हणत नाही. तुमची मोजून पाहा. बटणाने बंद केली तर दुसऱ्या दिवशी तिला उठायला दोन-चार मिनिटे लागतात आणि घरातली मुले कुरकुर करतात. त्याला माझा इलाज नाही. उलट नवे टीव्ही रिमोटने बंद केल्यावर फारच थोडी वीज घेतात, एका वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी. तेव्हा 'आमचा टीव्ही बंद असताना वीज खात नाही' अशी जाहिरात कोणी केली, तर ती खरी असेल, पण त्यात हुरळून जाण्यासारखेही काही नाही.

जाता जाता आठवडी बाजारातल्या एका वस्तूबद्दल सांगतो, कारण ती टीव्हीशेजारीच लावायला सांगतात. हाताच्या पंजाएवढी पेटी, भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायची, आणि घराचे बिल ३०-४० टक्के कमी, असा तिचा पुकारा असतो. आत बहुधा एक छोटा कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कारखान्यांच्या वीजव्यवस्थेत मोठ्या कपॅसिटरांना काम असते, तिथे दर आकारण्याची रीत निराळी आहे. आपल्या घरच्या बिलात पैसे लागतात ते प्रत्यक्ष खर्च झालेल्या युनिटांचे, आणि ते या पेटीने कमी होत नाहीत. तिचा दिवा मात्र लागतो, आणि त्याची वीज तुमच्याच मीटरवर पडते. आमच्या शाळेत मुलांनी ही पेटी लावून आणि काढून दोन्ही वेळा लुकलुकी मोजल्या. फरक सापडला नाही. ज्या पालकाने ती आणली होती, त्यांनी 'पोरांना काय कळतंय' असे म्हणून ती घरी परत नेली.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सातवी-आठवीच्या वर्गाला हा प्रयोग जरूर द्या. गुणाकार, भागाकार, दशांश, शेकडेवारी, वीज, सगळे यात येते, आणि साहित्य म्हणून लागते फक्त घड्याळ. एक काळजी घ्या. मुलांनी मीटरकडे दुरून पाहायचे आहे, हात लावायचा नाही, झाकण उघडायचे नाही, आणि मीटर उंचावर असेल तर शिडीवर चढायचे नाही. दोन-तीन घरांचे आकडे फळ्यावर आले की वर्गात जी वादावादी सुरू होते, ती ऐकण्यासारखी असते. एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, आपल्या मीटरवर तरी विश्वास का ठेवायचा?" चांगला प्रश्न. मी त्याला सांगितले, की १०० वॅटचा साधा तारेचा दिवा एकटा लाव आणि दहा मिनिटांत ५३ च्या आसपास लुकलुकी येतात का पाहा. असा दिवा आता गावात मिळेना. शेवटी एकाच्या गोठ्यात सापडला. ५२ आल्या. त्या दिवशी व्होल्टेज थोडे कमी असणार, असे मी म्हणालो, आणि तेही तपासायला हवे असे तो मुलगा म्हणाला.

आबांचे काय झाले ते सांगायचे राहिले. दिवाळीला त्यांनी टीव्ही घेतला नाही. हरभऱ्याचे बी घेतले. काळ्या पेटीसाठी भिंतीवर बटण बसवून घेतले, आणि रात्री निजताना ते बंद करायचे काम नातीकडे दिले. उन्हाळ्यात एके दिवशी जुन्या संचाचे चित्र गेले आणि नुसता आवाज राहिला. आबा दोन दिवस तो रेडिओसारखा ऐकत होते. तिसऱ्या दिवशी मला घेऊन तालुक्याला गेले. दुकानात त्यांनी विक्रेत्या पोराला सांगितले, "स्टार राहू दे बाबा. वरसाला युनिट किती, ते कुठं लिवलंय ते दाव." त्या पोराला लेबल शोधायला तीन संच फिरवावे लागले. घेतला तो ३२ इंचीच.

त्या संध्याकाळी नातीने मोजले. 'स्टँडर्ड'वर दहा मिनिटांत २१ लुकलुकी, म्हणजे ३९ वॅटच्या थोडे वर. आबांनी तो आकडा खडूने दाराच्या मागे लिहून ठेवला आहे, जिथे दुधाचा आणि मजुरीचा हिशेब असतो तिथेच.